नाव एक, कागद तीन

वर्तकनगरात इतके पालक आणि शिक्षक एकत्र बसलेत, तर थेट मुद्द्यावर येतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘शेख आएशा’, आधारवर ‘आयशा शेख’, जन्मदाखल्यावर आणखी तिसरंच. माणसाला कळतं, मुलगी एकच आहे. संगणक अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. माझं पोटच सॉफ्टवेअरवर आहे, त्याचा हट्ट मी रोज बघतो. मग ‘अपार’ क्रमांक अडतो, शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. आठवीतली एनएमएमएस परीक्षा देऊन निवड झाली, तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. रिक्षा चालवणाऱ्या बापासाठी ही रक्कम लहान नाही.

नावाची दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी येते. शाळा सुटल्यावर हेच काम फार जड जातं.

आणि बाईंवर चिडू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीखेरीज इतर कामं लावू नका म्हणतं. तरी पोर्टल भरत बसतात त्याच. कलम २१ प्रमाणे महापालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या आयांनी तिथं बसावं, निव्वळ सहीपुरतं नव्हे.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन इथंच असेन. जन्मदाखला, आधार, प्रगतिपुस्तक आणा. झेरॉक्स नको, मूळ कागद.