विशेष शाळा आणि गावाचे कर्तव्य



आजचा विषय चारचौघांत काढला म्हणजे माणसे क्षणभर गप्प होतात, मग कोणीतरी ‘देवाची करणी’ म्हणून सुस्कारा टाकतो आणि बोलणे कापसाच्या भावाकडे वळते. ज्या घरात बहिरे, आंधळे किंवा बुद्धीने मंद असे मूल आहे, त्या घराला या सुस्काऱ्याचा काय उपयोग? त्या आईबापांसमोर प्रश्न अगदी रोकडा असतो. या मुलाला शिकवायचे कोणी, कोठे आणि आमच्यामागे त्याचे काय व्हावयाचे?

अशा मुलांना शिकविता येते, ही गोष्ट आपल्याकडे काही काल-परवा कळलेली नाही. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ साली निघाली. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची. मतिमंद मुलांसाठी मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा उभी राहिली आणि पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’. आज जळगावात ‘दीपस्तंभ’ संस्थेच्या ‘मनोबल’ प्रकल्पात अपंग तरुण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. म्हणजे प्रश्न शक्याशक्यतेचा उरलेला नाही. तो आपल्या इच्छेचा आहे.

विशेष शाळा म्हणजे मुलांना सांभाळण्याचे ठिकाण, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेथे चालते ते अध्यापनाचे अत्यंत कसबी काम. बहिऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक कसा सांगाल? ओठांची हालचाल तर दोन्हींची सारखीच! शिक्षिका तोंडासमोर कागदाची पट्टी धरते, मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवते. कोठे पट्टी अधिक हलते, कोठे गळा थरथरतो, हे मूल हाताने आणि डोळ्यांनी शिकते. जेथे बोलण्याची वाट अवघड, तेथे खुणांची भाषा असते, आणि तीही भाषाच आहे. आंधळ्या मुलाला सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकवितात. लुई ब्रेलने ती १८२९ साली प्रसिद्ध केली. तो स्वतः बालपणीच आंधळा झालेला होता. त्या सहा ठिपक्यांवर आज मराठीही लिहिता-वाचता येते. मतिमंद मुलाला सदऱ्याचे बटण लावायला शिकवायचे, तर त्या एका कामाचे लहान लहान टप्पे पाडतात आणि कित्येकदा शेवटचा टप्पा आधी शिकवितात. शिक्षिका बटण काजात अर्धे सरकवून देते, मूल ते ओढून घेते, आणि ‘मी केले’ हा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या पदरात पडतो. हे काम दयेने होत नसते. त्याला विद्या लागते, आणि विद्येपेक्षाही धीर लागतो.

पण या विद्येला वेळेचे बंधन आहे. भाषा रुजण्याचा काळ म्हणजे जन्मानंतरची पहिली काही वर्षे. ‘बोलेल उशिरा, याचा मामाही उशिरा बोलला होता’ असे म्हणत आपण नेमकी तीच वर्षे गमावितो. वास्तविक मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे कान तपासता येतात. पेरणीची वेळ टळली म्हणजे पुढे कितीही पाणी दिले तरी पीक जोमदार येत नाही, हे खानदेशच्या शेतकऱ्याला का सांगावयास हवे?

आता एक वादाचा मुद्दा. काही विचारवंत म्हणतात, वेगळी शाळा काढणे म्हणजे मुलाला समाजातून वेगळे काढणे. त्याला शेजारच्या मुलांबरोबरच शिकवावे. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. सहा वर्षांचे पोर आईपासून तोडून दूरच्या वसतिगृहात ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु साठ मुलांच्या वर्गात, ज्याची भाषा गुरुजींना येत नाही असे बहिरे पोर मागच्या बाकावर नुसते बसवून ठेवले, तर त्यालाही एकत्र शिक्षण म्हणता येणार नाही. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि जवळची शाळा की विशेष शाळा ही निवडही त्याच्याकडे ठेवली आहे. ही निवड खरी व्हावयाची असेल तर दोन्ही शाळा चांगल्या हव्यात. मूल जेथे खरोखर शिकते, ती त्याची शाळा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशातील पाच ते एकोणीस वर्षांच्या अपंग मुलांपैकी शेकडा २७ मुलांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते. ही मुले कोठे असतात? ती माजघरात असतात. पाहुणे आले की त्यांना आत नेतात, बहिणीचे लग्न जमेपर्यंत त्यांचा उल्लेख टाळतात. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण ते कोणाला भितात? आपल्यालाच ना?

आपल्या तालुक्यातील पाटणच्या शिलालेखाची येथे आठवण होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. शके ११२८ च्या त्या लेखात मठाला लावून दिलेल्या उत्पन्नांची नोंद आहे, आणि तीत दर घाण्यामागे पळीभर तेलही आहे. आठशे वर्षांपूर्वी या भूमीतील तेल्याच्या घाण्याने विद्येचा दिवा तेवत ठेवला. मग आजच्या व्यापाऱ्याला, वकिलाला, शिक्षकाला आपली पळी सापडू नये काय?

ती पळी पैशाचीच असावी असे नाही. कारखानदाराने वा दुकानदाराने अठरा वर्षांच्या एका मुलाला काम द्यावे. कारण शाळा संपते त्या दिवशी आईबापांची खरी काळजी सुरू होते. डॉक्टरांनी शंका येताच मुलाला तपासणीस धाडावे. कार्यकर्त्यांनी प्रमाणपत्राच्या कचेरीत त्या आईबरोबर रांगेत उभे राहावे. आणि आपण सर्वांनी लग्नाच्या पंगतीत त्या मुलालाही पाटावर बसवावे, आणि त्याच्याविषयी त्याच्या आईला न विचारता त्यालाच विचारावे, ‘काय रे, आणखी काय वाढू?’