पाळण्यांतील कान

वेदगंगेच्या कांठीं वसलेलें मुरगूड हें कागल तालुक्यांतील गांव. पूर्वेस थोड्या अंतरावर निपाणी. आणि १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून या दोहोंच्या मध्यें राज्याची सीमा आलेली आहे. परंतु सोयरीक जुळवितांना त्या सीमेला कोण विचारतो? म्हणूनच या भागांत अशीं घरें आढळतात, कीं जेथें सासूची भाषा मराठी, आणि चिकोडी-हुकेरीकडून आलेली सून दुपारीं पाळण्याची दोरी ओढतां ओढतां नकळत कानडींत गुणगुणूं लागते. मग ओसरीवरून सूचना येते, "अगं, एकच भाषा पडूं दे त्याच्या कानांवर. दोन्हींच्या ओढींत पोरगं मुकं राहील." सासूची भीति मनापासूनची असते, आणि सून गप्प होते. पाळण्यांतल्या त्या कानांचें काय चाललें आहे, हें पाहिल्यावांचून या तंट्याचा निवाडा व्हावयाचा नाहीं.

सुभद्रेच्या उदरांत असतांना अभिमन्यूनें चक्रव्यूहाची विद्या ऐकली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. शास्त्र त्याला व्यूहरचना देणार नाहीं. पण सूर मात्र देईल. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत मूल ऐकूं लागतें. उदराच्या भिंतींतून शब्दांचे बारीक कंगोरे पोंचत नाहींत. बोलण्याचा चढउतार, लय, ठेका तेवढा पोंचतो. डीकॅस्पर व फायफर या संशोधकांनीं १९८० सालीं दाखवून दिलें कीं, जन्मून दोन-तीन दिवसही न झालेलें मूल परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षां आपल्या आईचा आवाज ऐकतां यावा म्हणून चोखणीची चाल बदलतें. म्हणजे बारशाच्या आधींच ओळख झालेली असते.

आतां ताक आणि टाक हे दोन शब्द घ्यावे. मुरगुडांतील कोणत्याही शेंबड्या पोराला यांतला भेद सांगावा लागत नाहीं. परंतु इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला हे दोन उच्चार बहुधा एकच वाटतात. मग हा भेद मराठी मुलाच्या रक्तांत असतो काय? कॅनडांतील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनीं हिंदींतील याच त-ट च्या जोडीवर प्रयोग केले आणि १९८४ सालीं ते प्रसिद्ध केले. मूल आईच्या मांडीवर बसवावयाचें; एक ध्वनि सारखा ऐकवावयाचा; ध्वनि बदलला कीं बाजूच्या पेटींत दिवा लागून खेळणें नाचूं लागतें. हें एकदां मुलाच्या ध्यानीं आलें म्हणजे भेद कळतांच तें मान वळवितें. आईकडून नकळत खूण होऊं नये म्हणून तिच्या कानांत संगीत सोडलेलें असतें. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा भेद बिनचूक कळला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांपैकीं फार थोड्यांना कळला. हिंदी घरांतील मुलें मात्र वर्षाच्या आसपासही तो ओळखीत होतीं.

तेव्हां मूल जन्मतें तें जगांतल्या बहुतेक भाषांचे दरवाजे किलकिले ठेवून. आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस घरांतल्या भाषेचा दरवाजा सताड उघडतें आणि बाकीचे हळूहळू लोटून घेतें. कुलूप लावतें असें मात्र नव्हे. प्रौढपणींही कान तयार करतां येतो, पण घाम गाळावा लागतो. हिंदी प्रदेशांतून कोल्हापुरास आलेल्या गृहस्थाला वेल आणि वेळ यांतला भेद जपतांना, किंवा आपला चहा मराठी च नें मागतांना जी तारांबळ होते ती याच जातीची. मराठींत तर लिपीही मुलाला साह्य करीत नाहीं. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा. अक्षरें तींच, ज मात्र निराळा. हा भेद कोणी शिकवीत नाहीं, तरी शाळेची पायरी चढण्यापूर्वींच मुलाच्या तोंडीं तो बसलेला असतो.

हें साधतें कसें? मोजदादीनें, असेंच म्हणावें लागेल. १९९६ सालीं सॅफ्रन, ॲस्लिन व न्यूपोर्ट यांनीं आठ महिन्यांच्या मुलांना निरर्थक अक्षरांची अखंड माळ केवळ दोन मिनिटें ऐकविली. कोणतें अक्षर कोणत्या अक्षरामागून हटकून येतें, एवढ्यावरून मुलांनीं त्यांतले "शब्द" निराळे पाडले. "ये रे बाळा" या बोलण्यांत बा च्या मागून ळा वारंवार येतो, रे च्या मागून बा क्वचित्. मुलाच्या मेंदूला एवढा धागा पुरतो.

आतां ओसरीवरील वादाकडे वळावें. दोन भाषा ऐकणारें मूल गोंधळत नाहीं. गरोदरपणीं दोन भाषा बोलणाऱ्या मातांच्या नवजात मुलांवर कॅनडांत प्रयोग झाले. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांप्रमाणें हीं मुलें दोन्ही भाषांकडे कान देतात आणि त्यांना निरनिराळ्याही ओळखतात. अशा मुलाचा एकेका भाषेंतील शब्दसंग्रह कांहीं काळ लहान दिसेल, कारण तो दोन कणगींत वांटलेला असतो. दोन्हींची बेरीज केली म्हणजे तूट राहत नाहीं. सांगलीजवळच्या कुपवाडांत मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदल्या; गंपर्झ व विल्सन यांनीं १९७१ सालीं त्यांचें वर्णन केलें आहे. तेथें भाषांची वाक्यरचना एकमेकींसारखी झाली. माणसें मुकीं झालीं नाहींत.

सासूनें काळजी करावयाचीच असेल तर ती निराळ्या ठिकाणीं करावी. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगांत नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशीं चिनी बोलणाऱ्या माणसांनीं बारा बैठकी खेळतां खेळतां गप्पा मारल्या, तेव्हां त्यांचा कान चिनी ध्वनींना सरावला. तींच माणसें पडद्यावर दाखविलीं तेव्हां कांहींच साधलें नाहीं. पाळण्याला मोबाईल टांगून कामाला लागणाऱ्या घरांनीं याची नोंद घ्यावी. आणि दुसरी गोष्ट याहून गंभीर. ज्या मुलाला ऐकूंच येत नाहीं, त्याच्या बाबतींत हीच मोलाची वेळ "मुलगे उशिराच बोलतात" या समजुतींत निघून जाते. श्रवणाची चांचणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्याच्या आंत आणि उपचार सहाव्याच्या आंत, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बहिरेपणाची तपासणीही समाविष्ट आहे. बाराव्या दिवशीं आत्यानें कानांत सांगितलेलें नांव मूल साधारण साडेचार महिन्यांचें होतांना ओळखूं लागतें. तें हांकेला, टाळीला दाद देत नसेल तर दोन भाषांना दोष न देतां त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा. आणि दाद देत असेल तर सुनेला खुशाल कानडींत गाऊं द्यावें.