वाळवंटातलं पांघरूण

दुबईच्या अल बर्शा भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण एसीमुळे घरात पांघरूण लागतंच. अशा हवेत मऊ सुती गोधडीसारखी भेट नाही.

तिची कृती साधी. वापरून मऊ झालेल्या साड्या, धोतरं धुवायची, थर अंथरायचे, टाचायचे आणि धावदोरा घालत जायचं. बाळासाठी लहानसं दुपटं पुरतं.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची 'कवंदी' ही गोधडी तर बघण्यासारखी. त्या कडेपासून सुरुवात करून आत मध्यापर्यंत शिवतात आणि चारही कोपऱ्यांना कापडी 'फुलं' लावतात. फुलांविना त्यांना कवंदी अपुरी वाटते.

भेट द्यायची असेल, तर कापड सुतीच निवडा आणि रंग जाणारे तुकडे आधी वेगळे धुऊन घ्या.