गर्द आणि स्मृती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव हा आठवणींचा सोहळा असतो. मायभूमीपासून दूर, या रायपूर नगरीत आपली भाषा, आपले सणवार, आपली नाटके टिकली ती स्मृतीच्या बळावर. म्हणूनच, या स्मृतीवरच घाला घालणाऱ्या एका विषाविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. ते विष म्हणजे हेरॉइन. मंगल प्रसंगी हा विषय कोणाला अप्रिय वाटेल. परंतु ज्या घरात हे दुःख शिरते ते घर बहुधा मौन पाळते, आणि मौनात रोग बळावतो.

मुंबईत १९८०च्या दशकात ‘ब्राउन शुगर’ या नावाने अशुद्ध हेरॉइन पसरले. मराठीत ते ‘गर्द’ म्हणून ओळखले जाऊ लागले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. पुढे १९८६ साली त्यांनी व डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणूस हा रोगी आहे, ही दृष्टी त्या कार्यातून मराठी समाजाला लाभली. हा रोग मेंदूत नेमके काय करतो, ते आता पाहू.

अफूपासून मॉर्फिन आणि मॉर्फिनपासून हेरॉइन बनते. १८९८ पासून बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून विकले होते! रक्तातून ते अतिशय वेगाने मेंदूत पोचते. वेदना शमविणारी द्रव्ये मेंदू स्वतःच निर्माण करीत असतो. त्या द्रव्यांसाठी पेशींवर जणू कुलपे असतात. १९७३ साली शास्त्रज्ञांना त्यांचा शोध लागला. हेरॉइन ही त्या कुलपांना लागणारी चोरकिल्ली होय. ती फिरताच ‘डोपामिन’ या द्रव्याची लाट उसळते, आणि ही वस्तू अन्नपाण्याइतकीच आवश्यक आहे, अशी खोटी नोंद मेंदू करून ठेवतो.

येथून स्मृतीची दोन बाजूंनी हानी होते. पहिली बाजू दुबळेपणाची. दीर्घकाळ गर्द घेणाऱ्याचे लक्ष टिकत नाही, नुकतेच ऐकलेले मनात राहत नाही, पुढचा बेत आखता येत नाही. मात्रा अधिक झाली की श्वास मंदावतो. मेंदूला प्राणवायू कमी पडतो, आणि आठवणींची नोंद ठेवणारा ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग त्या उपासमारीने लवकर दुखावतो.

दुसरी बाजू अतिरेकाची. नशेशी जोडलेली प्रत्येक गोष्ट, ती गल्ली, तो सोबती, तो चकचकीत कागद, मेंदूवर कोरली जाते. वर्षानुवर्षांनी त्यांतील एखादी गोष्ट दिसली तरी तलफ उसळते. मुलगा आईच्या गळ्याची शपथ घेतो आणि चार दिवसांत मोडतो. आपण म्हणतो, खोटारडा! वस्तुतः शपथ घेताना तो बहुधा खराच असतो. पण शपथ दुबळ्या स्मृतीच्या आधारावर उभी असते, आणि तलफ बलवत्तर स्मृतीच्या.

परिसराचे हे सामर्थ्य व्हिएतनाम युद्धानंतर जगाच्या ध्यानी आले. तेथे अनेक अमेरिकन सैनिकांना हेरॉइनचे व्यसन जडले होते. १९७१ साली परतलेल्यांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषीने केली. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शंभरांत सुमारे पाचच निघाले. कारणे अनेक होती. जागा आणि सोबत सुटली, हे त्यांतील एक मोठे कारण.

यावरून कोणी मुलाला नागपूरला मामाकडे धाडून मोकळे होऊ नये. मेंदू बरोबरच जातो! खोलीत कोंडून घरगुती उपाय करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे; आपल्या रायपूरच्या एम्समध्ये हा विभाग आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे तलफ आवरतात. शासनाच्या १४४४६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळतो. आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी: काही काळ सोडून पुन्हा घेणाऱ्याला पूर्वीची मात्राही प्राणघातक ठरू शकते, कारण शरीराची सवय मोडलेली असते.

दिलासा असा की, व्यसन सुटल्यावर काही महिन्यांनी मेंदू बराचसा सावरू लागतो. जुनी स्मृती पुसता येत नाही, पण तिच्यावर नव्या स्मृतींचे थर चढविता येतात. त्यासाठी जन्मभराच्या शपथेपेक्षा आजच्या एका दिवसाचा संकल्प अधिक उपयोगी पडतो. वेळेवर उठणे, अंगमेहनतीचे काम, तबल्याचा रियाज, विश्वासाचे चार शब्द, यांतून नवी वाट रुळते.

येथे मंडळाचे कर्तव्य सुरू होते. परमुलखात आपले गणगोत म्हणजे हे मंडळच. बरा होऊन परतलेला मुलगा दारात आला, तर कुजबूज न करता त्याच्या हाती गणेशोत्सवातील एखादे काम द्यावे, नाटकाच्या पडद्याची दोरी द्यावी. ‘चार लोक काय म्हणतील’ या भीतीने घरे गप्प राहतात. ते चार लोक आपणच आहोत. आपण काय म्हणायचे, हे आपल्याच हाती आहे.