पाण्यावाचून : इंग्रजी वाक्यातील अट आणि सीमाभागातील मराठी वाचक



मराठी ग्रंथालयाच्या भिंतीवर नियमांची पाटी असते. पुस्तक मुदतीत परत न आणल्यास दंड पडेल, पुस्तक हरवल्यास किंमत भरावी लागेल, अशा स्वरूपाची वाक्ये तिच्यावर असतात. त्यांत ‘जर’ नाही आणि ‘तर’ही नाही, तरी अट आहे, आणि ती कळण्यास कोणाही सभासदाला अडचण पडत नाही. ‘हरवले’ या धातुसाधिताच्या ‘हरवल्या’ या रूपाला ‘स’ हा विभक्तिप्रत्यय लागला की अख्खे गौण वाक्य एका शब्दात मावते. ही सोय रोजच्या वापरातली, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी वाचताना जी एक विशिष्ट अडचण येते, तिची किल्ली मात्र याच सोयीत आहे. ती कशी, हे दाखवणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

शाळेत इंग्रजीतील अट शिकवली जाते ती ‘इफ’ या उभयान्वयी अव्ययावरून. तिचे तीन साचे पाठ करून घेतले जातात : पाऊस पडेल आणि पीक येईल, ही शक्य गोष्ट, पाऊस पडला तर पीक येईलही, पण तशी आशा नाही, ही कल्पित गोष्ट, आणि पाऊस पडला असता तर पीक आले असते, ही हातची गेलेली गोष्ट. मराठी व्याकरणात यांना संकेतार्थाच्या प्रकरणात स्थान आहे. हे साचे परीक्षेपुरते पुरतात. परंतु पुढे आयुष्यात ज्या इंग्रजीशी गाठ पडते ती कर्जाच्या करारनाम्याची, विमापत्राची, रुग्णालयातील संमतिपत्राची आणि वकिलाच्या नोटिशीची असते. तेथे ‘इफ’ पुष्कळदा आढळतच नाही. त्याच्या जागी ‘विदाउट’, ‘बट फॉर’, ‘विथ’, ‘इन केस ऑफ’, ‘इन द इव्हेंट ऑफ’, ‘इन डिफॉल्ट ऑफ’ असे शब्द येतात, आणि अट क्रियापदातून निघून नामाच्या आश्रयाला जाते. ‘इफ’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वाक्यात अट आहे हेच समजत नाही.

एक साधे वाक्य घेऊन पाहता येईल. ‘विदाउट वॉटर द क्रॉप विदर्ड’ म्हणजे पाण्यावाचून पीक वाळले. ‘विदाउट वॉटर द क्रॉप विल विदर’ म्हणजे पाण्यावाचून पीक वाळेल. ‘विदाउट वॉटर द क्रॉप वुड हॅव विदर्ड’ म्हणजे पाण्यावाचून पीक वाळले असते. तिन्ही वाक्यांत आरंभीचे दोन शब्द अक्षरशः तेच आहेत. तरी पहिल्या शेतकऱ्याचे पीक गेले, दुसऱ्याला अजून धडपड करण्यास अवधी आहे आणि तिसऱ्याचे पीक वाचले. पाणी मिळाले की नाही, हे ‘विदाउट’ सांगत नाही. ते केवळ क्रियापद सांगते. आणि मराठीतही नेमके तसेच घडते. ‘वाचून’ हे व्यतिरेकवाचक शब्दयोगी अव्यय तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे राहते. ‘वाळले’च्या पुढे ‘असते’ आले की अर्थ उलटा फिरतो. इंग्रजी शब्दयोगी नामाच्या आधी बसतो, मराठी शब्दयोगी नामाचे सामान्यरूप करून त्याच्या मागे बसतो, एवढाच फरक. ज्याला ‘पाण्यावाचून पीक वाळले असते’ हे वाक्य समजते त्याला इंग्रजीतले तिसरे वाक्य वास्तविक आधीच समजलेले असते. त्याला तसे कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

‘बट फॉर’ची गोष्ट याहून बिकट आहे. ‘बट’ म्हणजे परंतु आणि ‘फॉर’ म्हणजे साठी, असा सुटा अर्थ लावला तर ‘बट फॉर द वेल’ याचे ‘परंतु विहिरीसाठी’ असे होते आणि पुढच्या वाक्याचा मेळ बसत नाही. विहीर नसती तर, असा तो अर्थ आहे. म्हणजे विहीर आहे, आणि तिच्यामुळेच निभावले. हा जोडशब्द शिक्यासारखा आहे; त्याच्या दोऱ्या सुट्या केल्या तर त्यात काहीच राहत नाही. ‘इन केस ऑफ फायर’ म्हणजे आग लागल्यास. परंतु त्यातला ‘ऑफ’ गेला आणि पुढे क्रियापद असलेले वाक्य आले, की बहुधा अर्थ बदलतो. पाऊस येईल म्हणून छत्री जवळ ठेवा, या अर्थाचे इंग्रजी वाक्य ‘इन केस’ने बनते, त्याचे मराठी ‘पाऊस आल्यास छत्री घ्या’ असे केले तर माणूस भिजल्यावर छत्री घ्यायला घरी परतेल. एक अट आहे, दुसरी सावधगिरी आहे.

सीमाभागातील विद्यार्थ्याची आणखी एक चूक शिक्षकांच्या परिचयाची आहे, आणि तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ‘उद्या पाऊस आला तर पेरणी करू’ या वाक्यात काळ भविष्याचा, पण रूप ‘आला’ असे भूतकाळाचे आहे. कानडीत ‘मळे बंदरे’ म्हणतात. त्यातही ‘बंद’ हे भूतकाळाचेच अंग आहे. दखनी बोलणारा शेजारी ‘बारिश आई तो’ म्हणतो, तेथेही तेच. घरात, बाजारात आणि शाळेत ऐकू येणाऱ्या तिन्ही भाषा एकमुखाने ज्या रूपाची साक्ष देतात, ते रूप मुलाने इंग्रजीत नेले तर नवल काय? तो ‘इफ द रेन केम टुमॉरो’ असे लिहितो. इंग्रज वाचक मात्र त्यातून असे समजतो की लिहिणाऱ्याला पावसाची फारशी आशा नाही. इंग्रजीत येथे भूतकाळाचे रूप काळ दाखवत नाही, अंतर दाखवते. मराठीतही ‘तू येतास तर बरे होते’ या वाक्यात ‘होते’ हे रूप काळाचे नसून राहून गेलेल्या गोष्टीचे असते, हे दाखवून दिले तर गाठ सुटते.

भाषांचा असा मेळ अपघाताने झालेला नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कानडी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदताना शब्द वेगळे राहून वाक्यरचना किती सारख्या झाल्या, हे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. बीदर-कलबुर्गीचा इतिहासही असाच मिश्र आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. सीमेची रेघ नकाशावर पडली. घराघरांतून बोलल्या जाणाऱ्या वाक्यांवर ती पडली नाही.

आणि नामाच्या आश्रयाने अट मांडण्याची रीत तर या मातीत फार जुनी आहे. आजच्या बसवकल्याण येथे, चालुक्यांच्या राजधानीत, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. वारसाहक्काचा तिचा क्रम मराठीत सांगायचा तर पुत्राच्या अभावी पत्नी, पत्नीच्या अभावी कन्या, असाच सांगावा लागतो. ‘अभावी’ या एका शब्दात अख्खी अट आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेतील ‘इन डिफॉल्ट ऑफ’ याच कामाचा. मात्र कर्जाच्या कागदावर तोच शब्द ‘पेमेंट’च्या आधी येतो, आणि तेथे त्याचा अर्थ हप्ता न भरल्यास असा होतो. घरातला शिकलेला मुलगा वडिलांना कागद वाचून दाखवतो, वडील सही करतात किंवा अंगठा उठवतात. त्या मुलाने हे दोन-तीन शब्द ओलांडून पुढचे वाचले, तर शेताची गोष्ट सांगायची राहून जाते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी नजरेसमोर ठेवून, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध करून त्या अभ्यासाला स्वतंत्र बैठक दिली. इंग्रजीच्या उजेडात मराठी पाहण्याचे काम झाले; मराठीच्या उजेडात इंग्रजी पाहण्याचे काम वर्गात अजून पुष्कळ व्हावयाचे आहे. त्यासाठी मोठा खर्च नको. फळ्यावर मराठी, कानडी आणि इंग्रजी वाक्ये एकाखाली एक लिहावीत. नामाला चिकटलेल्या शब्दाखाली एक रेघ आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढाव्यात. आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा, की प्रत्यक्षात पाणी आले की नाही?

ग्रंथालयाच्या कपाटात मराठी व्याकरण आणि इंग्रजी व्याकरण बहुधा वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. ती दोन्ही एका टेबलावर उघडून ठेवता येतील अशी जागा या भागात ग्रंथालयासारखी दुसरी नाही. सभासदांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारच्या मुलांसाठी राखली, आणि घरोघरचे करारनामे, विमापत्रे आणि नोटिसा त्यांच्यासमोर ठेवल्या, तर व्याकरण हा रुक्ष विषय राहणार नाही. या मुलांपाशी तीन भाषांचे भांडवल आहे. त्याचा हिशेब मांडून दाखवणारा कोणी भेटल्यास चौथी भाषा त्यांना जड जाणार नाही.