तळ्याकाठचे नगर आणि आपण

(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



या शाळेत आम्ही भूगोल एका वहीत लिहीत असू आणि नागरिकशास्त्र दुसऱ्या. एकीत नद्या, धरणे, पर्जन्यमान. दुसरीत ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका. परीक्षेपुरते ते ठीक होते. पण भिलाईत राहणाऱ्याला या दोन्ही वह्या शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात, हे मला फार उशिरा कळले.

वडील कारखान्यात नोकरीला, म्हणून आम्ही सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नळ बिघडला की वडील कारखान्याच्याच कार्यालयात तक्रार नोंदवून येत. माझा एक वर्गमित्र खुर्सीपारला राहत असे. त्याच्याकडे पहाटे पाण्यासाठी रांग लागे, आणि पाणी आले नाही तर जायचे कोणाकडे, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नसे. एकाच बाकावर बसणारी आम्ही दोन मुले दोन निराळ्या कारभारांखाली वाढत होतो.

आता भूगोलाची वही उघडू. भिलाईच्या पश्चिमेला, दुर्गच्या पलीकडे शिवनाथ वाहते, पूर्वेला खारून. मधला प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीचा, सपाट, भाताच्या खाचरांचा. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेल्या आठ महिन्यांसाठी इथल्या गावांनी तळी खोदली. आपल्याच जिल्ह्यातील धमध्याची ख्याती ‘छै आगर छै कोरी’ तळ्यांची. कोरी म्हणजे आपली मराठी कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी! तळ्याचा गाळ काढणे, पाळ राखणे, गुरांचा घाट आणि माणसांचा घाट वेगळा ठेवणे, हे सारे गाव ठरवीत असे. स्थानिक स्वराज्य हा शब्द येण्यापूर्वीचे ते स्थानिक स्वराज्यच होते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाला पाणी फार लागते. ते बालोदजवळच्या तांदुळा धरणातून आणि पुढे महानदीवरील गंगरेल धरणातून कालव्याने मरोद्याच्या जलाशयात येऊ लागले. त्याच पाण्यावर सेक्टरांतली आपली घरे वाढली. मैत्रीबागेत आपण सहली काढल्या. पण शेजारच्या मरोद्याचे पाणी कुठून येते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

आता दुसरी वही. कारखान्याच्या वसाहतीचा कारभार आरंभापासून कारखान्याकडे. बाहेरच्या वस्त्यांसाठी विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण होते, त्याला सारे ‘साडा’ म्हणत. राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि १९९८ मध्ये भिलाईला महानगरपालिका मिळाली. पुढे तिच्यातून रिसालीची वेगळी महानगरपालिका झाली. तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली. याच घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, स्वच्छता आणि पर्यावरणाचे रक्षण त्यांतच येतात. सेक्टरातला रहिवासी नगरसेवक निवडतो, पण त्याचे पाणी आणि रस्ते कारखाना पाहतो. मत एका दारी आणि तक्रार दुसऱ्या दारी, अशी ही रचना आहे.

नळाचे एक बरे असते. तो बंद पडला की माणूस ओरडतो. तळे ओरडत नाही. जुन्या गावांची तळी आज शहराच्या पोटात आली आहेत. त्यांचा निस्तार संपला, म्हणून त्यांना राखणदार उरला नाही. काठावर राडारोडा पडतो, पाळ खचते, आणि हे काम आपले नव्हे असे प्रत्येक कार्यालयाला वाटू शकते. पुष्कळ मालकांच्या मध्ये पडलेले तळे मरायला फारसा वेळ लागत नाही.

म्हणून हीरक महोत्सवानिमित्त शाळेला आणि पालकांना एक विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रभागातील तळी शोधावीत. त्यांचा एक नकाशा शाळेने करावा. प्रत्येक तळ्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: जमीन कोणाची, पाणी येते कुठून, देखभाल कोणाकडे. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर मुलांनी तो नकाशा घेऊन नगरसेवकांकडे जावे. पालकांनी सोबत जावे. दोन्ही विषयांचा याहून चांगला गृहपाठ मला सुचत नाही.

आमच्या नळाला तांदुळा-गंगरेलचे पाणी होते. मित्राच्या वस्तीसारख्या महापालिकेच्या भागांना आज शिवनाथेचे पाणी मिळते. तांदुळा शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला. कार्यालये निराळी असली तरी आम्हा दोघांचे खोरे एकच आहे. हे आम्हाला शाळेत असतानाच कळले असते, तर त्याच्या घरची पहाटेची रांग मला कधी परकी वाटली नसती. आपल्या मुलांना ते वेळेवर कळावे, एवढीच इच्छा.