पाच रुपयांची स्वाक्षरी



नोव्हेंबर १९३३ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याहून हरिजन दौऱ्याला प्रारंभ केला आणि पुढील सुमारे नऊ महिने देशभर हिंडून अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यासाठी निधी जमविला. निधी जमविण्याच्या त्यांच्या रीती सर्वश्रुत आहेत. सभेत मिळालेल्या भेटवस्तूंचा तेथल्या तेथे लिलाव होई. स्त्रियांपाशी हातातली बांगडी मागून घेतली जाई. स्वाक्षरी मागणाऱ्यालाही या वसुलीतून सूट नव्हती. स्वाक्षरीचा दर पाच रुपये ठरलेला होता, आणि हरिजन निधीसाठी तो पुढेही चालू राहिला. त्या काळी पाच रुपये ही सामान्य माणसाच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे.

या व्यवहाराचे स्वरूप नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. मूल्य ठरविणारा स्वतः स्वाक्षरी करणारा होता, पैसा मात्र त्याच्या पदरी पडत नव्हता. देणाऱ्याच्या हाती जो कागद येई, तो एका सार्वजनिक कार्याला दिलेल्या देणगीची पावतीच म्हणावयाची. आज तीच पावती लिलावगृहाच्या सूचीत क्रमांक लावून येते, तेव्हा अक्षरे तीच असतात. परंतु कागदाची सामाजिक जात बदललेली असते. तो आता खाजगी मालमत्ता झालेला असतो, आणि त्याच्या किमतीतील एक पैही ज्या कार्यासाठी ती स्वाक्षरी झाली त्या कार्याकडे जात नाही.

मूल्याच्या शास्त्राने अशा वस्तूंचा विचार फार पूर्वी केलेला आहे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात दुर्मिळ पुतळे, चित्रे, ग्रंथ व नाणी यांचा एक निराळा वर्ग कल्पिला. श्रमाने त्यांची संख्या वाढविता येत नाही. म्हणून त्यांची किंमत घडविताना खर्ची पडलेल्या श्रमावर अवलंबून नसते. ती दुर्मिळतेवर आणि ज्यांना त्या हव्या आहेत त्यांच्या संपत्तीवर व हौसेवर ठरते. बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या मालाच्या मानाने हा वर्ग क्षुल्लक, असे सांगून रिकार्डो पुढे गेला. स्वाक्षऱ्यांचा बाजार हा या क्षुल्लक वर्गाचा विस्तार होय, आणि तेथील भाव पाहिले म्हणजे इतिहासातील कर्तृत्वाचा आणि किमतीचा संबंध किती सैल असतो याचा प्रत्यय येतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ साली छप्पन्न जणांनी सह्या केल्या. त्यांत जेफरसन आहेत, फ्रँकलिन आहेत, जॉन अ‍ॅडम्स आहेत. पण बाजारात सर्वांत महाग सही यांपैकी कोणाचीच नाही. ती आहे जॉर्जिया प्रांताच्या बटन ग्विनेट यांची. हे नाव अमेरिकेतील शाळकरी मुलांनाही क्वचितच ठाऊक असेल. ग्विनेट मे १७७७ मध्ये एका राजकीय प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मरण पावले. त्यांच्या हातच्या सुमारे पन्नासच सह्या आज ज्ञात आहेत. छप्पन्न सह्यांचा संच पुरा करावयाचा या हट्टाला पेटलेल्या धनिकांना त्यांच्यावाचून गत्यंतर नसते. २०१० साली त्यांची सही असलेला एक कागद सात लाख बावीस हजार डॉलरांना विकला गेला. ज्याने जाहीरनामा लिहिला त्या जेफरसन यांनी आयुष्यभर हजारो पत्रे लिहिली, म्हणून त्यांची साधी सही त्यामानाने स्वस्त! पत्रव्यवहारात आळशी आणि अल्पायुषी असणे हा या बाजारात गुण ठरतो.

अब्राहम लिंकन यांची कथा अधिक बोलकी आहे. गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेची आपल्या हातची अंतिम प्रत त्यांनी १८६३ साली शिकागो येथे जखमी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या जत्रेला देऊन टाकली. ती स्वतःजवळ ठेवण्याची इच्छा त्यांना होती. परंतु सैनिकांना तिचा अधिक उपयोग होईल, असे त्यांना वाटले. तीन हजार डॉलरांना ती विकली गेली आणि पुढे शिकागोच्या इतिहास-संस्थेत असताना १८७१ च्या महाभयंकर आगीत भस्मसात झाली. १८६४ मध्ये फिलाडेल्फिया येथील अशाच जत्रेसाठी घोषणेच्या अठ्ठेचाळीस छापील प्रतींवर लिंकन यांनी सह्या केल्या. प्रत्येकी किंमत दहा डॉलर. त्या साऱ्या खपल्यासुद्धा नाहीत. त्यांतील एक प्रत रॉबर्ट केनेडी यांनी १९६४ साली साडेनऊ हजार डॉलरांना घेतली आणि तीच २०१० साली सदतीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. माणसांच्या खरेदीविक्रीचा अंत जाहीर करणारा कागद स्वतःच सट्ट्याची वस्तू व्हावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

समाजवाद्यांनी मात्र या विसंगतीकडे पाहून परस्पर हसू नये. त्यांच्या घरचीही एक कथा आहे. कार्ल मार्क्स यांनी ‘कॅपिटल’च्या १८६७ च्या पहिल्या आवृत्तीची एक प्रत स्वाक्षरी करून योहान एक्कारियस या स्नेह्याला दिली. एक्कारियस लंडनमध्ये शिंपीकाम करून पोट भरत आणि पहिल्या इंटरनॅशनलचे सरचिटणीसपदही सांभाळीत. २०१६ साली लंडनच्या लिलावात ती प्रत दोन लाख पौंडांवर गेली. कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही, असे १८५२ मध्ये एंगल्सना कळविणाऱ्या मार्क्स यांच्या अक्षराला हा भाव आला. या रकमेत त्या शिंप्याच्या किंवा त्या लेखकाच्या श्रमाचा अंश कोणता, हे मार्क्स यांच्याच सिद्धांताने सांगता येणार नाही. रिकार्डोच्या त्या क्षुल्लक वर्गाकडेच वळावे लागते.

किंमत वाढली की लबाडी वाढते. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ कोझी नावाच्या इसमाने जुने कागद मिळवून लिंकन व फ्रँकलिन यांच्या इतक्या बेमालूम सह्या केल्या की आज त्या खोट्या सह्यांचाही संग्रह होतो. केनेडींच्या कचेरीतून गेलेल्या असंख्य पत्रांवरील सही चिटणीसांची किंवा यंत्राची आहे. पण खोट्या सहीपेक्षा खऱ्या सहीच्या लोभाने इतिहासाची अधिक हानी केली आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात युरोप-अमेरिकेतील हौशी लोक पत्राच्या तळची सही कात्रीने कापून वहीत चिकटवीत आणि पत्र फेकून देत. पत्र कोणाला, कशाविषयी, कोणत्या पेचप्रसंगी लिहिले होते, हे सारे केराच्या टोपलीत गेले. उरले ते नाव, आणि नाव तर आधीच ठाऊक होते.

महाराष्ट्राची परंपरा या बाबतीत निराळी आहे. शिवकालीन पत्राच्या प्रामाण्याची खूण आजच्यासारखी सही नव्हती. पत्र कारकून लिही, माथ्यावर मुद्रा उमटे आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब होई. पत्र जेथे संपले तेथे शिक्का, जेणेकरून पुढे कोणी एक ओळही घुसडू नये. व्यक्तीच्या हस्ताक्षरापेक्षा मजकुराची राखण महत्त्वाची मानणारी ही पद्धती होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळीत हिंडले, ते मजकुरासाठीच. १८९८ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या बावीस खंडांत पेशव्यांचे पत्र आणि एखाद्या कुळकर्ण्याचा कागद एकाच अगत्याने छापलेला आढळतो. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते हे कागद सर्वांना वाचता यावेत म्हणून.

संग्राहकांनी कागद वाचविलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा सरकार झोपले असता खाजगी हौसेनेच ते टिकविले. परंतु टिकविलेला कागद कोणाला वाचावयास मिळतो, हा प्रश्न उरतोच. टॉलस्टॉय फार्मसाठी ११०० एकर जमीन देणारे हर्मन कॅलनबाख यांच्या कुटुंबाकडील गांधीजींची पत्रे २०१२ साली लंडनमध्ये लिलावास निघाली, तेव्हा भारत सरकारने लिलावापूर्वीच ती सुमारे सात लाख पौंडांना विकत घेऊन दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. हे उचित झाले. तथापि प्रत्येक वेळी राष्ट्राने जागतिक बाजारात बोली लावावी, हा मार्ग गरीब देशाच्या तिजोरीला परवडणारा नाही. शिवाय सरकार खरेदीला येणार या नुसत्या वार्तेनेही भाव चढतो.

याउलट उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या कागदांचे. १९५६ साली त्यांच्या निधनानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. पुढे महाराष्ट्र शासनाने ती प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले आणि १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली खंडांमागून खंड निघाले. अल्प किमतीचा तो खंड ज्या विद्यार्थ्याने विकत घेतला, त्याच्यापाशी बाबासाहेबांची स्वाक्षरी नसेल. पण त्यांचा युक्तिवाद त्याच्या हाती आला.

आता राहिला प्रश्न कार्यकर्त्यांच्या घरचा, आणि तोच खरा निकडीचा आहे. बेचाळीसच्या लढ्यात किंवा १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत तुरुंगातून आलेली पत्रे, सेन्सॉरच्या शिक्क्यासह, कित्येक जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. वृद्ध कार्यकर्ता जातो, मुले शहरात लहान जागेत राहतात, आणि ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. एखाद्या पत्रावर मोठे नाव दिसले तर तेवढेच बाजूला काढले जाते. बाकीची, म्हणजे गिरणीतल्या सोबत्याने किंवा तालुक्याच्या चिटणिसाने लिहिलेली, मणाच्या भावाने जातात. चळवळ कशी चालली, वर्गणी कोठून आली, कोणी माघार घेतली आणि का, हे मात्र त्याच पत्रांत असते. म्हणून गठ्ठा फोडू नये. पाकीट फेकू नये. टपालाच्या शिक्क्यावरून तारीख कळते. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, कारण ती ओळखणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. आणि सबंध गठ्ठा, यादी करून, वाचकांना खुल्या असणाऱ्या एखाद्या संग्रहालयाला लेखी अटींवर द्यावा.

१९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यान्वये ऐतिहासिक मूल्याचा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला म्हणजे तो पुरावस्तू ठरतो, आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठविता येत नाही. बेचाळीसच्या पत्रांना ही वर्षे २०१७ सालीच पुरी झाली. आणीबाणीतील पत्रांना हे संरक्षण २०५० च्या पुढे लाभेल. तोपर्यंत त्यांचा सांभाळ ट्रंकेची किल्ली ज्यांच्यापाशी आहे त्यांनाच करावयाचा आहे.